पुठ्ठ्याचा पडदा

चित्रपटातील नायिकेने दाराच्या कडीला हात घातला आणि त्याच क्षणी घरातील संगणकाने प्राण सोडला. प्रथम तिच्या गालांवर हिरवट झाक आली, मग साऱ्या दृश्यावर जांभळ्या रेघा उतरल्या आणि अखेरीस, एखादा थकलेला पाहुणा निरोप न घेताच उठून जावा, तसा पडदा विझला. खोक्यातील पंखा काही काळ घरघरत राहिला; नंतर तोही शांत झाला. दाराबाहेर कोण उभे होते, हे त्या शनिवारी या कुटुंबाला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे कप हातात घेऊन सारे बैठकीच्या खोलीत जमले, तेव्हा दिवंगत संगणक तिवईवर उघडा पडला होता. धाकट्या कन्येने, जिला सारे घर चिमणी म्हणत असे, त्याचे झाकण काढून ठेवले होते. उंच इमारतींमधील लिफ्ट दुरुस्त करणे हा तिचा व्यवसाय; अंधाऱ्या पोकळीत लोंबकळणाऱ्या यंत्रांची नाडी तिला कळत असे. तिने बोटावरची धूळ झटकली.

"आतला बोर्ड जळालाय. आणि मॉनिटरही गेला. दोघं एकदमच गेले."

"सुखी जोडपं म्हणायचं," आई म्हणाली.

थोरला चिरंजीव हसला नाही. तो सुतारकाम करीत असे, आणि कोणतीही नवी वस्तू घरात येणार असे कळताच ती कोठे मावेल याचीच त्याला प्रथम चिंता लागे. "नवा आणा, पण एक ध्यानात ठेवा. माझ्या भिंतीतल्या कपाटात बसला पाहिजे."

"बसायला तो काय पाहुणा आहे?" त्याची पत्नी म्हणाली. ती दंतवैद्य. दिवसभर माणसांच्या उघड्या तोंडांत, नखाएवढ्या जागेत डोळे रुतवून बसावे लागत असल्यामुळे संध्याकाळी तिला जे जे दिसेल ते ते विशाल असावे असे वाटे. "कपाट फोड. मला मोठ्ठा मॉनिटर हवा. माणसांचे दात बत्तीसच्या बत्तीस मोजता आले पाहिजेत."

"वहिनी, सिनेमातही तू दातच बघतेस?"

"खलनायकाच्या दाढेत परवा सिमेंट होतं. राजाचा प्रधान म्हणे! कुणालाच दिसलं नाही."

चिमणीने वहिनीची बाजू तत्काळ उचलली आणि एक पाऊल पुढेही टाकले. "मॉनिटर कशाला? प्रोजेक्टरच घेऊ. सरळ भिंतीवर मारू."

आता सर्वांच्या दृष्टी खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळल्या. तेथे बाबा बसले होते. ज्या काळी चित्रपटगृहांच्या दर्शनी भागावर दोन मजली उंचीचे हस्तचित्रित फलक उभे राहत, त्या काळी या गावाने पाहिलेले बहुतेक सर्व चेहरे बाबांच्या कुंचल्यातून उतरले होते. हातावर मावणारे छायाचित्र समोर ठेवून ते माणसाचा डोळा खाटेएवढा काढीत आणि तो डोळा रस्त्यापलीकडच्या माणसाकडे पाहून ओलावलेला दिसे.

"भिंत मळलीय," बाबा म्हणाले.

"रंगवून घेऊ ना!"

"भिंत रंगवायला घेतली, तर मी तिच्यावर चित्रच काढीन. मग तुमचा सिनेमा कुठे दाखवणार?"

प्रोजेक्टरचा विषय तेथेच संपला. थोरला सुखावून बाबांच्या जवळ सरकला. परंतु बाबा सर्वस्वी त्याच्याही पक्षाचे नव्हते. "आकार डोळ्यांनी बघितल्याशिवाय ठरवता कसा तुम्ही? कागदावरच्या आकड्यांना काय चेहरा असतो?"

"दुकानात जाऊन बघू."

"दुकानात सगळंच लहान दिसतं. छत उंच असतं तिथं."

हे बोलणे बिनतोड होते. ती संधी साधून आईने कप खाली ठेवला आणि अगदी सहज, जणू साखर कमी पडली असे सांगावे तशा स्वरात ती म्हणाली, "भाऊजींना विचारूया का? दिवसभर स्क्रीनसमोरच असतात ते. रंगांचं त्यांना कळतं."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिले.

"त्याला विचारून आणायचा असेल, तर मला सिनेमाच बघायचा नाही."

"बरं," आई म्हणाली आणि तिने सर्वांचे कप गोळा केले.

*

बाबांचे धाकटे बंधू, म्हणजे मुलांचे काका, हे अक्षरकार होते. फलकावरील चेहरे थोरल्या भावाने काढावेत आणि चित्रपटाचे नाव व त्यापुढे 'आजपासून' हे धाकट्याने लिहावे, अशी त्या दोघांची रीत. बाबा प्रत्येक फलकाच्या तळाशी एक पट्टी मोकळी सोडीत. केवळ मोकळी नव्हे, तर तिच्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात देऊन ती सिद्ध करून ठेवीत, कारण पिवळ्या भूमीखेरीज आपले तांबडे अक्षर बोलत नाही, असा काकांचा आग्रह होता. चेहरा वाळला की काका फलकाच्या पायथ्याशी बसत, आणि खाली मान करून त्या पट्टीत शब्द उभे करीत. दोघे एकमेकांशी कामाच्या वेळी फारसे बोलत नसत. बोलण्याची गरज त्या पट्टीने उरू दिली नव्हती.

मग छापील फलक आले. काकांनी यंत्र घेतले. त्यांनी आधी दादांना, म्हणजे बाबांना, विचारले नाही, आणि दादांनी नंतर त्यांना विचारले नाही. बाबांच्या अखेरच्या फलकावर चेहरा पूर्ण झाला होता, पट्टी पिवळी होऊन वाट पाहत होती, पण अक्षरे लिहिणारा नव्या यंत्राच्या पहिल्या छपाईपाशी अडकला होता. तो फलक नावावाचूनच वर चढला आणि नावावाचूनच उतरला. त्यानंतर दोघा बंधूंमध्ये भांडण असे कधीच झाले नाही. एकमेकांच्या घरी जाणे मात्र थांबले. लग्नकार्यात भेट झाली, तर दोघेही हवापाण्याविषयी तिसऱ्याच माणसाशी बोलत.

आई या घरात नववधू होऊन आली, तेव्हा हे दीर अर्ध्या चड्डीत होते. त्यांच्या शाळेच्या पाटीवर पहिले वळणदार अक्षर तिने पाहिले होते आणि 'हा मुलगा पुढे काहीतरी करील' असे सासूबाईंना सांगितले होते. म्हणून, बाबा दुपारी फिरावयास बाहेर पडताच तिने फोन उचलला.

"भाऊजी, आमचा कॉम्प्युटर गेला."

"अरे! आणि शनिवारचा सिनेमा?"

आई थांबली. शनिवारच्या चित्रपटाचे या माणसाला कसे ठाऊक? मग तिला आठवले, शनिवारी संध्याकाळी चिमणी दुचाकीवरून काकांच्या दुकानावरूनच घरी येत असे. सारे घर या वनवासात चोरवाटा काढून होते. एकट्या बाबांनाच राजरस्ता ठाऊक होता.

"नवा घ्यायचाय. काय बघून घेऊ ते सांगा."

"वहिनी, दुकानदार तुम्हाला पोपट दाखवेल, धबधबा दाखवेल, फुलं दाखवेल. त्यांच्याकडे बघूच नका. त्याला म्हणायचं, काळा दाखव. रात्रीचं दृश्य लाव म्हणायचं. काळा राखाडी दिसला, तर उठून यायचं. काळा नीट असला की चेहरा आपोआप उठून दिसतो."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो छोटासा डबाच घ्या, आवाज न करणारा. सिनेमे बघायला राक्षस लागत नाही. आणि काच चमकणारी नको, तुमच्या खिडकीतून पश्चिमेचं ऊन येतं."

खिडकी त्यांना आठवत होती. आईने पदर डोळ्यांना लावला नाही, कारण तिचा तसा स्वभाव नव्हता. तिने फक्त फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"रंग जुळवून द्यायला याल?"

पलीकडे यंत्राचा आवाज येत राहिला. "दादा काय म्हणतील?"

"त्यांना विचारणार कोण आहे?"

*

शेजाऱ्यांकडे नवा फ्रिज आला होता. त्याचे खोके बाबांनी मागून आणले आणि दोन दिवस मागच्या पडवीत कोणाला येऊ दिले नाही. दुकानाच्या पत्रकावरून त्यांनी मापे घेतली, चौकटी आखल्या, रंगांचे डबे उघडले. जेवायला हाक मारली, तर आतून फक्त "हं" येई. सून दवाखान्यातून परतताना पडवीच्या दारापाशी थांबली. तारपिनाचा वास बाहेर आला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने सासऱ्यांना काम करताना कधी पाहिले नव्हते, आणि आत कोणीतरी अगदी हळू शीळ घालीत होते.

शनिवारी संध्याकाळी पुठ्ठ्याचा पडदा टेबलावर उभा राहिला.

बाबांनी साधा चौकोन कापून आणला नव्हता. त्यावर अर्धवट राहिलेल्या चित्रपटातील ते दृश्य होते: अंधारी खोली, दिव्याचा मंद पिवळा झोत, कडीवर हात ठेवून उभी असलेली ती स्त्री. तिच्या मनगटावरची शीरदेखील दिसत होती.

"बसा आपापल्या जागी," बाबांनी आज्ञा केली. "जसे नेहमी बसता तसे."

सारे बसले आणि पुठ्ठ्याकडे पाहू लागले.

"बाबा, चित्र हलत नाहीये," चिमणी म्हणाली.

"तूच जरा हल. कडेने बघ, चेहरा दिसतो का सांग."

ती सरकत सरकत पार दारापर्यंत गेली. थोरल्याने सतरंजीवर लोळून पाहिले. सुनेने पाय वर घेऊन पाहिले, कारण चित्रपट पाहताना ती तशीच बसे. बाबांनी आईला विचारले, "मान दुखेल का गं इतकं वर बघून?" आईने दोन बोटे खाली दाखवली, त्याबरोबर पुठ्ठ्याखालची वीट निघाली. मग बाबांनी जुन्या तसबिरीची काच काढून पुठ्ठ्यासमोर धरली. तत्क्षणी नायिका अंतर्धान पावली आणि तिच्या जागी खिडकी, खिडकीतील सूर्य, आणि जिभेने ओठ चाटणारा थोरला, असे दृश्य प्रकट झाले.

"हा नको!" सून ओरडली. "याला मी रोज बघते!"

"म्हणजे चमकणारी काच नको," बाबांनी निर्णय दिला. या निर्णयावर तरी घरात दुमत राहिले नाही. आकाराविषयीही मग फार वाद झाला नाही. सुनेला वाटले होते तितका मोठा पडदा या खोलीत डोळ्यांवर येईल, हे तिने स्वतःच मान्य केले. आणि आपले कपाट वाढवावे लागेल, हे थोरल्याने. त्याने खिशातून टेप काढून पुठ्ठ्याची लांबीरुंदी काठोकाठ घेतली. भिंतीत अशी सागवानी चौकट बसवीन की मॉनिटर भिंतीतूनच उगवला असे वाटेल, असे तो म्हणाला.

"बाबा, ही खालची पिवळी पट्टी कसली?" सुनेने विचारले.

बाबांनी पट्टीकडे पाहिले. ती प्रथमच दिसावी असे त्यांनी पाहिले. "असतेच ती," ते म्हणाले आणि कुंचला पुसू लागले.

"मॉनिटरचा पाया असेल," थोरला म्हणाला. "आई, हेच माप धरू ना?"

आई त्या पट्टीवरून नजर काढू शकत नव्हती. चार बोटे रुंद, कडेपासून कडेपर्यंत, पिवळ्या रंगाचे दोन हात दिलेली. या माणसाने दोन दिवस शीळ घालीत काम केले, आणि त्याच्या हाताने त्याला न विचारताच धाकट्या भावाची जागा सोडून ठेवली होती. हे सांगावे की न सांगावे? सांगितले, तर ते उद्याच सुरी घेऊन ती पट्टी कापून टाकतील.

"बाबांचं माप कधी चुकलंय?" ती म्हणाली.

*

दुकानात सर्व भिंतींवर एकच पोपट एकदम पंख फडफडवीत होता. विक्रेता तरुण, उत्साही आणि बोलण्यात निष्णात होता. त्याने रिफ्रेश रेट, रंगांची कोटींतील संख्या आणि आणखी बरेच काही सांगितले. चिमणी मान डोलावीत राहिली, सून पोपटाची चोच न्याहाळीत राहिली. लहानसा, मुका संगणक चिमणीने आधीच निवडला होता. त्यावर कान ठेवून तिने पंख्याचा आवाज ऐकला आणि "हा घोरत नाही" असा निर्वाळा दिला. आता मॉनिटर तेवढा राहिला होता.

आई पुढे झाली. "काळा दाखवा."

"काळाच आहे ना काकू. पांढऱ्या बॉडीचाही येतो."

"बॉडीचं नाही हो. चित्रातला काळा. रात्रीचं काहीतरी लावा. दिवा एकच हवा, बाकी अंधार."

विक्रेत्याने गोंधळून एक रात्र शोधून काढली. पोपट मावळले. एका मॉनिटरवर अंधार राखेसारखा पसरला, दुसऱ्यावर निळसर धुक्यासारखा. तिसऱ्यावर मात्र तो खोल विहिरीसारखा शांत होता, आणि त्याच्या कडेला दिव्याच्या उजेडातला म्हातारा चेहरा सुरकुत्यांसकट बाहेर आला.

"काळा नीट असला की चेहरा आपोआप उठून दिसतो," आई म्हणाली.

बाबा इतका वेळ हात मागे बांधून उभे होते. ते हळूच वळले. हे वाक्य त्यांचे स्वतःचे होते. परांचीवर उभे राहून, पोटरीपर्यंत रंगलेल्या एका पोराला त्यांनी ते पहिल्यांदा सांगितले होते, आणि त्याने विचारले होते, मग दादा, अक्षर कशाने उठतं?

"कुणी शिकवलं तुला हे?"

"तुम्हीच."

"तुला नाही शिकवलं मी."

"मग ज्याला शिकवलंत, त्याने."

विक्रेत्याला काहीच कळले नाही, पण विक्री हातची जाणार अशी भीती त्याला वाटली, आणि तो आणखी एक पोपट लावू लागला. बाबांनी हात वर करून त्याला थांबवले. ते तिसऱ्या मॉनिटरसमोर जाऊन इतके जवळ उभे राहिले की त्यांचा श्वास काचेवर उमटला. काच चमकत नव्हती.

"हा बांधा," ते म्हणाले. घरी येईपर्यंत खोके मांडीवर त्यांनीच धरले होते.

*

पुढच्या शनिवारी दुपारी थोरल्याने चौकट भिंतीत बसवली. काम अप्रतिम उतरले होते. सागाच्या रेषा कोपऱ्यांत अशा मिळाल्या होत्या की सांधा शोधावा लागे. चिमणीने तारा मागून ओढल्या, सुनेने मॉनिटर पोटाशी धरून वर केला, थोरल्याने वरची कड चौकटीला भिडवून तो अडकवला, आणि दोन पावले मागे येऊन पाहिले.

मॉनिटरखाली चार बोटांची फट उघडी होती. तिच्यातून भिंतीचा गिलावा आणि तारांचे जाळे दिसत होते.

थोरल्याने टेप काढला. पुन्हा मापले. लांबी केसाएवढीही चुकली नव्हती. मग तो, मापाचा मान राखणारा कारागीर, मनात आले ते बोलून गेला. "बाबा, माप चुकलंय तुमचं."

या घरात असे वाक्य कधी बोलले गेले नव्हते. दोन मजली चेहऱ्यात ज्याच्या हातून डोळ्याची बाहुली बोटभरही ढळली नाही, त्या माणसाने उठून चौकटीत बोटे घातली. एक, दोन, तीन, चार. मग त्याने ती बोटे बाहेर काढून पाहिली. जणू दोष त्यांचाच होता.

"चुकलं असेल," बाबा म्हणाले. "आता हाताचं काही खरं नाही."

"चार बोटं तर आहेत," सून घाईने म्हणाली. "मी रोज याहून मोठ्या फटी भरते."

"मी पट्टी मारून बुजवतो ना!" थोरला ओशाळून म्हणाला. "दिसणारसुद्धा नाही."

बाबा खुर्चीत जाऊन बसले. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. आईला कळेना, आता काय करावे. गोड गुपित म्हणून तिने जे जपले, त्यानेच त्यांना घाव घातला होता. आणि आता स्वतःच्या तोंडाने उलगडून सांगितले, तर ते सांत्वन वाटेल, सत्य वाटणार नाही. हे सांगण्याचा अधिकार एकाच माणसाला होता. तिने घड्याळाकडे पाहिले.

दाराची घंटा वाजली.

"चला," चिमणी हळूच म्हणाली, "दाराबाहेर कोण आहे ते कळेल एकदाचं."

काका आत आले. अंगावर इस्त्रीचा सदरा, डोक्यावर मोजके पांढरे केस, आणि चेहऱ्यावर परीक्षेला उशिरा पोहोचलेल्या विद्यार्थ्याचा भाव. "वहिनी, रंग जुळवायला..." इतके म्हणून ते थांबले, कारण दादा समोर होते. दादांनी मान वर केली नाही.

खोलीत त्यांची पहिली नजर खिडकीकडे गेली, दुसरी नव्या मॉनिटरकडे आणि तिसरी त्याखालच्या फटीकडे. काकांनी फटीजवळ जाऊन हात लावला. "हे काय?"

"माप चुकलं," थोरला म्हणाला. "बाबांनी पुठ्ठ्याचा नमुना केला होता, त्यावरून मी..."

"कुठाय तो पुठ्ठा?"

तो दाराआड उभा होता. काकांनी तो उजेडात आणला. अंधाऱ्या खोलीतील त्या स्त्रीकडे ते बराच वेळ पाहत राहिले, कारण ते चितारणारा हात त्यांना ओळखीचा होता. आणि मग त्यांची दृष्टी खाली उतरली. पिवळ्या पट्टीवर त्यांनी अंगठा फिरवला. पहिला हात आडवा, दुसरा उभा; म्हणजे अक्षर ओघळत नाही. ही पद्धत गावात दुसरे कोणी पाळीत नसे. पाळण्याचे दुसऱ्या कोणाला कारणच नव्हते.

"दादा," काका म्हणाले. "दादा, माप चुकलेलं नाही. ही माझी पट्टी आहे."

बाबांनी मान वर केली. पुठ्ठ्याकडे पाहिले, भावाकडे पाहिले, पुन्हा पुठ्ठ्याकडे. त्यांच्या मुद्रेवर जे विस्मयाचे तेज उमटले, ते पाहून आईने मात्र या वेळी पदर डोळ्यांना लावला.

"हातानं सोडली," बाबा म्हणाले. "मी नाही सोडली."

"मग हाताचं काही खरं आहे म्हणायचं," सून म्हणाली.

थोरल्याने सुरी आणली. काकांनी स्वतः पट्टी कापली, एकाच सरळ ओढीत, आणि चौकटीच्या फटीत बसवली. ती इतकी नेमकी बसली की सुताराने आपल्या चौकटीला आणि वडिलांना, दोघांनाही मनोमन वंदन केले.

बाबा उठून पडवीत गेले. परतले, तेव्हा त्यांच्या हातात तांबड्या रंगाचा डबा आणि एक चपटा कुंचला होता. अक्षरांचा. काकांनी तो घेतला आणि त्याचे केस तळहातावर दाबून पाहिले. इतक्या वर्षांत वापर नाही, तर तो लाकडासारखा कडक व्हावयास हवा होता. तो मऊ होता. कोणीतरी तो वेळोवेळी तेलात धूत आला होता.

"धूळ बसते," बाबा खिडकीकडे पाहत म्हणाले. "माझे धुताना धुतला जातो."

"काय लिहू?"

यावर अर्थातच साऱ्यांनी मते दिली. थोरल्याला घराचे नाव हवे होते, चिमणीला 'शांतता राखा', सुनेला 'कृपया तोंड उघडे ठेवून पाहू नये'. काकांचे लक्ष फक्त दादांकडे होते.

"त्या शेवटच्या बोर्डवर नावापुढे जे राहिलं होतं, ते," बाबा म्हणाले.

काका गुडघे टेकून बसले. पिवळ्या भूमीवर तांबडे अक्षर एकामागून एक उभे राहिले, ठसठशीत, कण्यात ताठ, जसे कधी साऱ्या रस्त्याने मान वर करून वाचले होते: आजपासून.

"शेवटचा 'न' जाड झालाय," बाबा म्हणाले.

"अंतर जास्त असेल तर जाडच लागतो, दादा. तुम्ही लांब बसा, बरोबर दिसेल."

"मी कशाला लांब बसू? तूच सरक."

दोघेही एकाच बाकावर बसले. चिमणीने नव्या संगणकाचे बटण दाबले. तो खरोखरच घोरला नाही. पडद्यावर गेल्या वेळचे दृश्य येऊन थांबले: अंधारी खोली, दिवा, कडीवरचा हात. काळा रंग काळाच होता, आणि तिचा चेहरा त्यातून उठून आला होता.

"लावू?" चिमणीने विचारले.

"थांब," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

"अक्षर ओलं असताना खेळ सुरू करत नाहीत," बाबांनी कारण सांगितले, आणि काकांनी मान डोलावली.

म्हणून सारे कुटुंब आपापल्या जागी बसून, तांबडा रंग वाळण्याची वाट पाहत राहिले. आणि ती नायिकाही, कडीला हात लावून, त्यांच्यासाठी थांबून राहिली.